मदत हवी आहे : फायरफॉक्समधले टॅग क्रोममध्ये कसे न्यावेत?

मंडळी, बडोदा संस्थानाबद्दलचे दुवे जमवतोय. सयाजी साहित्यमालेतली स्कॅन पुस्तकं, जुने अहवाल, मोडी कागद असं बरंच आहे. एकच दुवा ‘मोडी’, ‘शिक्षण’, ‘सयाजीराव’ अशा तिन्ही ठिकाणी लागतो, म्हणून घरी फायरफॉक्समध्ये टॅग लावलेत. पत्त्याच्या पट्टीत अधिकचं चिन्ह, मग ‘मोडी’ लिहिलं की नेमकं तेवढंच समोर येतं. झकास चाललंय.

घोडं अडलंय ते आमच्या वाचनालयातल्या संगणकावर. तिथे फक्त क्रोम. एक्स्टेन्शन टाकायची परवानगी नाही, आणि संगणक सगळ्यांचा असल्यामुळे माझ्या खात्यातून सिंक नको. एचटीएमएल फाईल काढून तिथे इम्पोर्ट केली : दुवे आले, टॅग गळाले. पुन्हा केली तर सगळं दुप्पट. फोल्डर करावेत, तर एक दुवा तीनदा ठेवा आणि पत्ता बदलला की तिन्हीकडे दुरुस्त करा!

ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तर प्रत्येक दुव्याच्या ओळीत टॅग दिसतात. क्रोम ते वाचत नाही, नाव मात्र वाचतं. शिवाय निम्म्या दुव्यांची नावं गुजराती लिपीत आहेत, म्हणजे देवनागरीत शोधून ती सापडणारच नाहीत. म्हणून टॅग नावाच्या शेवटी जोडावेत असं डोक्यात आहे. दुवे शेकड्यांनी असल्याने हाताने शक्य नाही.

विंडोजवर, फुकटात, देवनागरीची प्रश्नचिन्हं न होता हे एकगठ्ठा कसं करता येईल? आणि नवी फाईल घेताना जुने दुवे दुप्पट होऊ नयेत म्हणून आधी काय करावं?