संघटनेत पद घ्यावं का? (वैद्यकीय ग्रंथपालांसाठी)

एकटी_ग्रंथपाल:
वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी एकटीच ग्रंथपाल आहे, हाताखाली एक सहायक. आमच्या व्यावसायिक संघटनेने 'सचिव व्हा' असा निरोप धाडलाय. काम बिनपगारी, सुट्ट्या त्यात जाणार. अधिष्ठात्यांनी विचारलं, "यात आपल्या संस्थेचा फायदा काय?" बायोडेटात एक ओळ वाढते, त्यापलीकडे खरंच काही मिळतं का?

जुनं_जर्नल:
बऱ्याच ठिकाणी सत्कार, स्मरणिका आणि फोटो. जपून.

संदर्भकक्ष:
वरचा इशारा अगदीच खोटा नाही. पण मी संघटनेची खजिनदार होते, म्हणून थोडं लांबण लावते.

तिथे माझा हुकूम कोणावरच चालत नव्हता. वर्गणी वाढवायची होती आणि समोर माझ्याहून ज्येष्ठ ग्रंथपाल बसलेले, सगळे स्वतःच्या हौसेने आलेले. ताळेबंद उलगडून, एकेकाला आधी फोन करून, मग ठराव मांडायचा हे तिथे शिकले. पुढे आमच्या संस्थेच्या ग्रंथालय समितीत डेटाबेसची कपात निघाली. शल्यचिकित्सा किंवा औषधशास्त्राचे विभागप्रमुख काही माझ्या हाताखालचे नाहीत. पण कोणता विभाग काय वापरतो याचे आकडे घेऊन मी आधीच प्रत्येकाच्या खोलीत जाऊन आले होते, त्यामुळे बैठकीत फारसं बोलावंच लागलं नाही.

अधिष्ठात्यांना मात्र हे सांगू नका, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन शोधून घेतलेला आढावा) सांगा. त्यासाठीची सर्च स्ट्रॅटेजी, म्हणजे डेटाबेसमधल्या शोधाची मांडणी, प्रत्यक्ष चालवण्याआधी दुसऱ्या ग्रंथपालाने तपासावी, यासाठी 'प्रेस' नावाची तपाससूची आहे: शोधशब्द जोडणारे अँड-ऑर जागच्या जागी आहेत का, मेशमधली (वैद्यकीय विषयसंज्ञांची प्रमाणित यादी) एखादी संज्ञा सुटली का, मर्यादा उगाच घातल्यात का. तुम्ही एकट्या आहात, मग तपासणार कोण? कार्यकारिणीत ज्यांच्याबरोबर इतिवृत्तावरून वाद घातलेत, ती माणसं रात्री दहालासुद्धा शोध तपासून देतात. नुसत्या सभासदाला इतकी ओळख मिळत नाही, हा माझा अनुभव.

आणि पद म्हणजे काम हे नवीन नाही. अमेरिकेतली मेडिकल लायब्ररी असोसिएशन १८९८ साली फिलाडेल्फियात चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टरांनी मिळून काढली. ग्रंथालयांकडच्या जादा प्रतींची देवाणघेवाण हे तिचं सुरुवातीचं मोठं काम. मार्शिया नॉइस यांनी ते कंटाळवाणं काम कितीतरी वर्षं सांभाळलं. १९३३-३४मध्ये त्या अध्यक्ष झाल्या, तोवर त्या खुर्चीवर डॉक्टरच बसत! (आपल्याच संघटनेत इतकी वर्षं पाहुण्यासारखं, असो.)

एकटी_ग्रंथपाल:
प्रेसचं पटलं, उद्याच अधिष्ठात्यांना सांगते. पण सचिवपद घेऊ की नुसतं समितीवर जाऊ?

संदर्भकक्ष:
आधीचे सचिव का सोडून गेले ते विचारा. पत्रव्यवहार, सभासद-यादी आणि अधिवेशन तिन्ही एकट्या सचिवाच्या गळ्यात असेल तर नको. त्यापेक्षा प्रशिक्षण समिती मागा, शोधतंत्राच्या कार्यशाळा घ्या.

जुनं_जर्नल:
हो म्हणण्याआधी संघटनेची घटना मागवून वाचा. कार्यकाळ किती आणि बँकेच्या सह्या कोणाच्या, ते त्यात असतं.