चलनवाढ, महागाई, भाववाढ: कोणता शब्द कुठे?

प्रश्नकर्ती

जागतिक अर्थव्यवस्थेवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे आणि एका वाक्यावर दोन दिवस अडकले आहे. मूळ वाक्याचा आशय असा, की २०२२ नंतर बऱ्याच देशांत इन्फ्लेशन उतरलं, किमती मात्र चढतच राहिल्या. मी लिहिलं, 'महागाई कमी झाली, पण वस्तू महागच होत गेल्या.' संपादकांनी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून पान परत पाठवलं. त्यांना दोष देत नाही, वाचताना मलाही ते वेड्यासारखंच वाटतं.

कोशांत आणि पाठ्यपुस्तकांत चलनवाढ, चलनफुगवटा, भाववाढ, महागाई असे चार शब्द सापडले. हिंदीच्या वाटेने आलेला मुद्रास्फीती आणखी वेगळा. डिफ्लेशनला, म्हणजे भाव उतरण्याला, चलनघट आणि चलनसंकोच. पुढे लेखात ग्रोथ आणि डेव्हलपमेंट शेजारीशेजारी बसलेत आणि मी दोन्ही जागी 'विकास' लिहून मोकळी झाले आहे. हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

जुना भाषांतरकार

ताई, तुमच्या वाक्यातला घोळ 'महागाई'मुळे झालाय. महागाई ही अवस्था आहे. भाव चढून चढून एका जागी थांबले, पुढचं वर्षभर तसूभरही हलले नाहीत, तरी लोक 'महागाई आहे' असंच म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. इन्फ्लेशन मात्र भाव चढण्याचा वेग सांगतं. वेग मंदावला म्हणजे अवस्था बदलली असं होत नाही. 'महागाई कमी झाली' ऐकलं की वाचकाला वाटतं, भाव खाली आले. भाव तर खाली आलेलेच नसतात!

जाताजाता सांगतो. महाग हा शब्द संस्कृत 'महार्घ'वरून आला, अर्घ म्हणजे मोल. त्याच्या उलट 'समर्घ', आणि त्यावरून आपला 'सवंग'. म्हणजे महागाईची खरी जोडीदारीण सवंगाई. पण आता सवंग म्हटलं की लोकप्रियता किंवा विनोद आठवतो, स्वस्त माल कुणालाच आठवत नाही. तिची जागा स्वस्ताईने घेतली. चांगला शब्द हातचा गेला.

अर्थशास्त्राचा शिक्षक

वरचं पटलं. वर्गात मी आकडे मांडून दाखवतो. किमतींचा निर्देशांक १०० होता, वर्षाने ११० झाला. भाववाढीचा दर १० टक्के. पुढच्या वर्षी तो ११३.३ झाला. दर ३ टक्क्यांवर आला, निर्देशांक मात्र वरच गेला. ताईंच्या वाक्यात हेच आहे. निर्देशांक ११३.३ वरून १११ वर आला तर ते डिफ्लेशन. या दोन गोष्टींची गल्लत वर्तमानपत्रांत इतक्या वेळा होते की मी मोजणं सोडून दिलंय.

प्रत्यक्षातलं उदाहरणही तुमच्याच लेखाच्या काळातलं आहे. अमेरिकेत ग्राहक किमतींच्या वाढीचा वार्षिक दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांपर्यंत गेला, युरो वापरणाऱ्या देशांत तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १०.६ टक्के होता. नंतर दोन्हीकडे तो उतरला. किमती काही २०२० च्या पातळीवर परत गेल्या नाहीत, आणि मध्यवर्ती बँकांनाही त्या तिथे न्यायच्या नव्हत्या. त्यांचं लक्ष्यच मुळी साधारण २ टक्के वाढीचं असतं. शून्य वाढीचं नव्हे, घटीचं तर नव्हेच.

आता 'चलनवाढ'. माझा खरा वाद या शब्दाशी आहे.

इन्फ्लेशनचं मूळ लॅटिनमधल्या हवा भरण्याच्या क्रियापदात आहे, त्यामुळे 'फुगवटा' हे नाव त्याला शोभून दिसतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत यादवी युद्धाच्या सुमारास हा शब्द नोटांना लावत. सरकारने जास्त कागद छापला, चलन फुगलं, असा त्याचा अर्थ. किमती चढणं हा त्या फुगण्याचा परिणाम. पुढे विसाव्या शतकात शब्द सरकत सरकत परिणामावर जाऊन बसला, आणि आज इंग्रजीत इन्फ्लेशन म्हणजे किमतींची वाढ, कारण कुठलंही असो. मराठीत मात्र जुना अर्थ नावातच कोरलेला राहिला. 'चलनवाढ' म्हटलं की निदान आधीच झालेलं असतं. ताप आलाय एवढंच सांगायचं असताना आपण 'मलेरिया' म्हणून मोकळे होतो.

हे निदान काही वेळा तंतोतंत लागू पडतं. १९२३ च्या नोव्हेंबरात जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. हंगेरीत जुलै १९४६ मध्ये किमती दर पंधरा तासांच्या आसपास दुप्पट होत होत्या, ऑगस्टमध्ये पेंगो हे चलनच मोडीत काढून फोरिंट आणावं लागलं. झिंबाब्वेने २००९ च्या सुरुवातीला १०० लाख कोटी डॉलरची नोट काढली. तिथे बेलाशक चलनवाढ म्हणा. छापखानाच धावत होता.

पण १९७३ चं तेलसंकट घ्या. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला आणि त्यापाठोपाठ जगभर सगळंच महागलं. त्याला 'चलनवाढ' म्हणताना जीभ अडखळते. आणि उलटं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा ताळेबंद पाऊण-एक लाख कोटी डॉलरवरून काही वर्षांत साडेचार लाख कोटींपर्यंत फुगला. म्हणजे बँकेने तेवढा नवा पैसा निर्माण केला. शब्दशः चलनवाढ! भाववाढ मात्र बहुतेक काळ २ टक्क्यांच्याही खालीच रेंगाळली. तो पैसा बँकांच्या खात्यांत पडून राहिला, बाजारात फिरलाच नाही. 'चलन' शब्दात चालणं आहे, आणि नेमकं तेच झालं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सर्वसाधारण अर्थाने 'भाववाढ' वापरा. 'चलनवाढ' ठेवा ती पैशाच्या पुरवठ्याबद्दलच बोलायचं असेल तेव्हा.

तिसरा वाचक

सर, इतक्या सहज नाही सोडणार. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६३ मध्ये म्हटलं होतं की इन्फ्लेशन ही कायम आणि सर्वत्र पैशाशी निगडित घटना असते. ते खरं मानलं तर 'चलनवाढ' हाच नेमका शब्द, भाववाढ हे नुसतं वरवरचं लक्षण. आणि तुम्ही २०२२ चे आकडे दिलेत, पण २०२० मध्ये अमेरिकेतला पैशाचा पुरवठा एका वर्षात जवळजवळ चतुर्थांशाने वाढला होता, ते सोयीस्कर विसरलात. सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणीची चांदी युरोपात ओतली गेली आणि स्पेनपासून सगळीकडे भाव चढले. तिथे तर छापखानाही नव्हता, तरी चलन वाढलंच होतं की.

अर्थशास्त्राचा शिक्षक

२०२० चा मुद्दा मान्य. २०२१-२२ च्या भाववाढीत पैशाचा वाटा किती, आणि तुटलेल्या पुरवठ्याचा, युद्धाने महागलेल्या इंधनाचा किती, यावर अजून भांडणं चालू आहेत. पण मी नेमकं तेच म्हणतोय. भांडण चालू आहे, तर निकाल शब्दानेच का लावायचा? फ्रीडमनही 'भाववाढ चलनामुळे होते' असं म्हणतात. मराठीत ते वाक्य 'चलनवाढ चलनामुळे होते' असं लिहिलंत की त्यात सांगण्यासारखं काही उरतच नाही. लॅटिन अमेरिकेतल्या ज्या अर्थतज्ज्ञांनी भाववाढीचं मूळ शेती आणि आयातीतल्या अडथळ्यांत शोधलं, त्यांचं म्हणणं तर 'चलनवाढ' शब्द वापरून मांडताच येत नाही.

प्रश्नकर्ती

भाववाढ पटली. मग डिफ्लेशनला स्वस्ताई म्हणू?

जुना भाषांतरकार

मुळीच नको. स्वस्ताई हा सुखाचा शब्द आहे.

अर्थशास्त्राचा शिक्षक

अगदी. लेखात १९२९ च्या महामंदीचा उल्लेख असेलच. अमेरिकेत १९२९ ते १९३३ या काळात किमती सुमारे चतुर्थांशाने उतरल्या आणि १९३३ मध्ये साधारण दर चौथा कामगार बेकार होता. त्याला स्वस्ताई कोण म्हणेल? अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३३ मध्येच यामागचं यंत्र उलगडून दाखवलं. कर्जाचा आकडा कागदावर जिथल्या तिथे राहतो. भाव चतुर्थांशाने पडले, तर तेच कर्ज फेडायला एक तृतीयांश जास्त माल विकावा लागतो. सगळे कर्जदार एकदम माल विकायला काढतात, त्याने भाव आणखी पडतात, आणि जितकं फेडावं तितकं कर्ज जड होत जातं.

मात्र प्रत्येक घट अशी जीवघेणी नसते. १८७३ ते १८९६ या काळात अमेरिका आणि युरोपात किमती वर्षानुवर्षं उतरत होत्या आणि उत्पादन वाढतच होतं. रेल्वे, आगबोटी, नवी यंत्रं यांनी माल खरोखरच स्वस्तात तयार होऊ लागला होता. इथे 'स्वस्ताई' थोडीफार शोभेल, पण कर्जबाजारी शेतकऱ्याला विचारायचं नाही. त्याच्या संतापावरच विल्यम जेनिंग्ज ब्रायन १८९६ ची अध्यक्षीय निवडणूक लढले, सोन्याच्या चलनाविरुद्ध. तिसरा प्रकार जपानचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे भाव कोसळले नाहीत, किंचित किंचित खाली सरकत राहिले. तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०१३ मध्ये २ टक्के भाववाढीचं लक्ष्य जाहीर केलं, २०१६ मध्ये व्याजदर शून्याच्याही खाली नेला आणि तो शून्याच्या वर यायला २०२४ चा मार्च उजाडला. भाव चढावेत म्हणून एवढी खटपट! हे वाक्य 'महागाई' वापरून लिहून पाहा, 'महागाई आणण्यासाठी बँकेचे प्रयत्न'. वाचक बँकेवर दगड घेऊन जाईल.

'चलनघट'वर माझा तोच आक्षेप, नोटा कमी झाल्याचा भास होतो. 'भावघट' लिहा. कोशात नसेल, पण भाववाढ कळणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा वाचक

भावघट चालेल. अवमूल्यन तेवढं त्यात मिसळू नका. चलनाचा परकीय चलनातला दर सरकारने ठरवून उतरवणं म्हणजे अवमूल्यन. बऱ्याच लेखांत ते डिफ्लेशनच्या जागी बसलेलं पाहिलंय आणि अर्थ पार उलटा होतो, कारण अवमूल्यनाने आयात महागते. मंदीसुद्धा वेगळी. मंदी धंद्याची, उत्पादनाची. ती भाव चढत असतानाही येते, १९७० च्या दशकात आलीच होती. त्यासाठी पाठ्यपुस्तकांत 'मंदीयुक्त चलनवाढ' आहे, सरांच्या हिशेबाने 'मंदीयुक्त भाववाढ' करा.

प्रश्नकर्ती

आणि वेग उतरतो, पण शून्याच्या वरच राहतो, त्या डिसइन्फ्लेशनला?

जुना भाषांतरकार

नाम शोधत बसू नका. मराठी क्रियापदावर चालते. 'भाववाढ मंदावली', 'ओसरू लागली'. अमेरिकेत १९८० च्या सुमारास व्याजदर २० टक्क्यांपर्यंत नेऊन तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी जे घडवून आणलं, ते 'भाववाढ मोडून काढली' या तीन शब्दांत येतं. अगदीच नाम हवं असेल तर 'मंदावती भाववाढ'.

अर्थशास्त्राचा शिक्षक

विकासाचं राहिलं. ग्रोथला 'वृद्धी' किंवा साधं 'वाढ', डेव्हलपमेंटला 'विकास'. सगळी वर्तमानपत्रं उत्पादनवाढीच्या टक्केवारीला 'विकासदर' म्हणतात. तो वृद्धिदर आहे. विकसणं म्हणजे उमलणं, कळीचं फूल होणं. नुसतं आकारमान वाढणं वेगळं. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेच्या काँग्रेसपुढे मांडला, तेव्हाच बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं कल्याण जोखता येत नाही. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीत १९९० च्या दशकात समुद्रात तेल लागलं, उत्पादन काही पटींनी वाढलं, बहुसंख्य लोक गरीबच राहिले. वृद्धी झाली, विकास नाही, हे वाक्य तिथे लिहिता आलं पाहिजे. दोन्हीकडे 'विकास' असेल तर ते लिहिताच येत नाही. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक आला, त्यात आयुर्मान आणि शिक्षण उत्पन्नाच्या शेजारी बसवलं ते याच फरकासाठी.

ताईंच्या लेखात भाववाढ आणि विकास यांचं नातं असेल तर तिथेही हे जपा. दक्षिण कोरियात १९७० च्या दशकात भाववाढ दोन आकडी होती आणि वृद्धीही झपाट्याची होती. जपानमध्ये वर सांगितलेल्या भावघटीच्या काळात भाव थंड होते आणि वृद्धीही थंड होती. एकाकडे बघून दुसऱ्याचा नियम काढता येत नाही, निदान मी तरी वर्गात काढत नाही.

तिसरा वाचक

विकासदर आता सुटणं कठीण आहे, सर. रुळलाय.

अर्थशास्त्राचा शिक्षक

रुळलाय खरा. माझ्या उत्तरपत्रिकांत मी त्याखाली रेघ ओढतो, गुण कापत नाही.

प्रश्नकर्ती

वाक्य असं केलं: 'भाववाढीचा वेग ओसरला, भाव मात्र चढतच राहिले.' संपादकांना आवडलं. पण मथळ्यात त्यांना 'महागाई ओसरली'च हवंय, म्हणतात 'भाववाढ मंदावली' जागेत बसणार नाही.

जुना भाषांतरकार

मोजून दाखवा त्यांना. दोन्हीकडे आठच अक्षरं आहेत.