टेअर, धडा, पासंग, कडता: वजनकाट्यावरचे शब्द

प्रश्न

एका वजनकाट्याच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. ट्रक चढवायचा 60 टनी काटा आहे. वाचणार ते साखर कारखान्याच्या गेटावर नाहीतर डाळमिलमध्ये पाळीला बसलेले ऑपरेटर. नेटला 'निव्वळ' लावून मोकळी झाले. अडलंय ते टेअर (भांड्याचं किंवा रिकाम्या गाडीचं वगळायचं वजन), झीरो, कॅलिब्रेशन आणि लोडसेलपाशी. माझ्या आधी ज्यांनी हे काम केलं त्यांनी टेअरला 'रिक्तभार' आणि लोडसेलला 'भारपेशी' केलंय. दुसरा शब्द वाचून मला जीवशास्त्राचा तास आठवला. वे-ब्रिज तर 'भारसेतू'!

प्रतिसाद

भारसेतू म्हटलंत तर ट्रकवाला नदी शोधेल. त्याला फक्त 'काटा' माहीत. तराजूपासून वेगळा सांगायचाच असेल तर आमच्याकडे 'भुईकाटा' म्हणतात. गाडी उभी करायचा पाटा जमिनीला समतल, म्हणून भुईकाटा. आता खड्डा न खणता दोन्ही बाजूंना उतार बांधून पाटा वर बसवतात, तरी नाव भुईकाटाच राहिलंय.

लोडसेल लोडसेलच राहू द्या. तो बिघडला की मेकॅनिकला फोन करायचा असतो, आणि मेकॅनिकला भारपेशी कळणार नाही. फार तर पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य घाला: 'पाट्याखालचा लोखंडी ठोकळा, वजन पडलं की किंचित दबतो आणि त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युत रोध बदलतो.' एवढं पुरे.

प्रतिसाद

मी बाजार समितीत बरीच वर्षं तोलाईच्या कामात काढली. ताई, टेअरला मराठीत शब्द नाही असं समजू नका. आहे, आणि एक नाही, वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे आहेत. यंत्र आलं आणि सगळे एका बटणात कोंबले गेले.

पहिला पासंग. तागडी रिकामी असतानाच एक पारडं खाली जात असेल तर दुसऱ्या पारड्याला खडा, कथलाचा तुकडा, काहीतरी बांधून दांडी सरळ करायची. तो तुकडा म्हणजे पासंग. फारसी शब्द आहे, त्यातला 'संग' म्हणजे दगड, संगमरवरातला तोच. 'पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो ना, ते यावरून: समोरच्याच्या बरोबरीचं वजन तर सोडाच, तूट भरायच्या खड्याइतकाही नाही. हे झालं तुमचं झीरो. काट्याचा स्वतःचा दोष काढणं, मालाशी संबंध नाही.

दुसरा धडा. गिऱ्हाईक तेलाला भांडं घेऊन यायचं. ते एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात तेवढ्याच भाराचे खडे, वजनं टाकायची. याला 'धडा करणे'. मग तेल ओतायचं. टेअरचं बटण नेमकं हेच करतं.

तिसरं बारदान. इथे आधी काही करायचं नाही, पोत्यासकट तोलायचं आणि मागून पोत्याचं वजन वजा करायचं. 'बारदान किती धरलं?' हा प्रश्न आमच्याकडे रोज.

आणि कडता. हा या तिघांत बसवू नका! माती, ओल, घट यांच्या नावाखाली क्विंटलमागे काहीतरी कापायचं, ते कडता. तो काट्यावर दिसतच नाही, पट्टीवर म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर दिसतो. शेतकऱ्याचं भांडण व्हायचं ते कडत्यावरून, बारदानावरून क्वचितच.

प्रतिसाद

काका, सुंदर. एक भर: टेअर हा शब्दही मुळात पूर्वेकडूनच युरोपात गेलेला. अरबीत 'तरह' म्हणजे टाकून देणं, वगळणं. इटालियन, फ्रेंच करत इंग्रजीत गेला आणि आता बटणावर बसून परत आला.

पण बटणाच्या नावापुढे 'धडा' छापलात तर आजचा पंचविशीतला ऑपरेटर पुस्तकातला धडा समजेल. ज्यानं तागडी हातात धरलेली नाही त्याला धडा कुठून माहीत असणार?

प्रतिसाद

म्हणून तर छापायचा. शब्द वापरला नाही तर कळणार कसा?

प्रतिसाद

कारखान्याच्या गेटावर शब्दांचं पुनरुज्जीवन नको. मागे बैलगाड्या-ट्रॅक्टरांची रांग असते. आमच्या पावतीवर 'भरगाडी' आणि 'रिकामी गाडी' असे दोन रकाने आहेत, खाली निव्वळ. कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि नीट पाहिलंत तर भुईकाट्यावर धडा होतच नाही, बारदान होतं: भरलेली गाडी आधी तोलतात, रिकामी नंतर.

प्रतिसाद

हा मुद्दा बिनतोड. मान्य.

प्रतिसाद

कॅलिब्रेशनबद्दल कुणीच बोललं नाही. इथे गोंधळ शब्दाचा नाही, कामाचा आहे. प्रमाण वजनं ठेवून काटा किती चुकतो ते पाहणं हे कॅलिब्रेशन. चूक दिसल्यावर आतले आकडे बदलून काटा सुधारणं हे वेगळं काम, पण कारखान्यात दोन्हीला कॅलिब्रेशनच म्हणतात. तिसरं, वैध मापन शास्त्राचा निरीक्षक येऊन तपासतो आणि सील करतो. सरकारी कागदावर ते 'पडताळणी व मुद्रांकन', लोकांच्या तोंडी 'पासिंग'. इलेक्ट्रॉनिक काट्याला हे दर 12 महिन्यांनी. पहिल्याला 'अंशशोधन' चालतं, पण मी 'प्रमाण वजनांशी ताडून पाहणे' लिहीन. दुसऱ्याला 'जुळवणी'. तिसऱ्याला सरकारी शब्दच ठेवा, कारण प्रमाणपत्रावर तोच असतो.

अजून एक फसवी जागा. शाळेत शिकलेलं 'लघुतम माप' म्हणजे काटा ज्या टप्प्याने आकडा बदलतो तो, समजा 10 किलो. पुस्तिकेत 'किमान वजन' म्हणून दुसरा आकडा असेल. भुईकाटे साधारण अचूकतेच्या वर्ग 3 मध्ये येतात, त्यात तो टप्प्याच्या 20 पट, म्हणजे 200 किलो. त्याखाली तोललं तर आकडा दिसेल पण त्यावर व्यवहार करू नये. दोन्हीला 'किमान' लावलंत तर कुणीतरी त्या काट्यावर एक पोतं तोलायला जाईल.

प्रतिसाद

अचूक आणि काटेकोर यांचंही सांगा कुणीतरी. पुस्तिकेत अ‍ॅक्युरसी, प्रिसिजन असणारच.

प्रतिसाद

तीच गाडी 5 वेळा चढवली आणि पाचही वेळा 40 किलो कमीच दाखवलं, तर काटा काटेकोर आहे, अचूक नाही. ऊस घालणाऱ्यांना हा फरक शिकवावा लागत नाही, ते त्याला 'काटामारी' म्हणतात. 'काटेकोर'मध्येही काटा आहेच बघा. दांडीच्या मधोमध उभा राहणारा तो काटा.

प्रतिसाद

अवांतर: बाजारातला तोलणारा अजून 'मापाडी' का? वजन करतो, मापत तर नाही.

प्रतिसाद (तोलाईवाले)

धान्य पूर्वी मापानेच द्यायचे. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही सगळी भरून मोजायची मापं, म्हणजे घनफळ. ज्वारी ओली असो की वाळलेली, पायली तेवढीच. 1 एप्रिल 1962 पासून मेट्रिक वजनं सक्तीची झाली, नंतर मापंही गेली, मापाडी मात्र राहिला. नवरी अजून मापच ओलांडते, किलोचं वजन नाही.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: पावतीवर भरगाडी, रिकामी गाडी, निव्वळ. लोडसेल तसाच, सोबत ते एक वाक्य. बटणांची नावं देवनागरीत झीरो आणि टेअर, कारण बटणावरचं इंग्रजी अक्षर ऑपरेटरने आवाजाने ओळखलं पाहिजे. पण टेअरच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य: 'पूर्वी भांड्याचा धडा करत, तेच काम हे बटण करतं.' काकांसाठी नाही हं, मलाच तो शब्द सोडवेना. पासंगाला मात्र जागा सापडली नाही अजून.

प्रतिसाद (तोलाईवाले)

'बिघाड आणि उपाय' या भागात घाला. पाट्याखाली चिखल साचून रिकामा काटा 30 किलो दाखवतो, तिथे ऑपरेटर सरळ झीरो दाबतात. लिहा, पासंग लावण्याआधी चिखल काढा.