क्लीनरच्या यादीत चालू प्रोग्रॅम दिसत नाही, काढून टाकलेला मात्र दिसतो

केळीपट्टा (सावदा):
राम राम मंडळी. केळी खरेदीच्या ऑफिसातला पीसी आहे, विंडोज १०, ६४-बिट. काटा-पावतीचा प्रोग्रॅम ३२-बिट आहे, डी ड्राइव्हवर ‘हिशोब’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकलेला. तो लोकल ॲपडेटामध्ये (प्रत्येक खात्याचं स्वतःचं डेटाचं फोल्डर) रोज लॉग फाईली साठवतो. त्या साफ व्हाव्यात म्हणून सीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये विनॲप२ फाईल (काय साफ करायचं त्याची यादी) ठेवून स्वतः नोंद लिहिली. ‘डिटेक्ट’मध्ये (प्रोग्रॅम आहे का ते ओळखायची ओळ) रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली, एचकेसीयूखालची प्रोग्रॅमची की (कप्पा), ‘फाईलकी’मध्ये (काय पुसायचं ती ओळ) लॉगचा पत्ता. नोंद यादीत येतच नाही. विंडोजच्या अनइन्स्टॉल यादीत प्रोग्रॅम आहे, रेजएडिटमध्ये (रजिस्ट्री बघायचं साधन) कीसुद्धा दिसते. उलट दोन महिन्यांपूर्वी काढलेला एक ब्राउझर अजून यादीत आहे. रोजचं खातं साधं आहे, क्लीनर उघडताना ॲडमिनचा पासवर्ड द्यावा लागतो. चूक कुठे होतेय?

भुसावळ जंक्शन:
भाऊ, तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात उत्तर आहे. ‘एचकेसीयू’ म्हणजे सध्याच्या वापरकर्त्याची रजिस्ट्री, आणि हा ‘सध्याचा’ कोण हे प्रत्येक प्रोसेसपुरतं ठरतं. साध्या खात्यातून ॲडमिनचा पासवर्ड टाकून क्लीनर उघडला की तो ॲडमिनच्या नावाने चालतो, त्यामुळे एचकेसीयू ॲडमिनची, ॲपडेटाही ॲडमिनचा. तिथे तुमचा प्रोग्रॅम कधी चाललाच नसेल तर की सापडणार कुठून? रेजएडिट साध्या खात्यात पासवर्ड न मागता उघडतो, म्हणून त्यात तुम्हाला तुमचीच की दिसते. दोघं वेगवेगळ्या घरांत बघताहेत.

खात्री करून घ्या. क्लीनर चालू ठेवून टास्क मॅनेजर, ‘डिटेल्स’ टॅब. क्लीनरच्या ओळीत ‘युझर नेम’ बघा. मग कॉलमच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘प्लॅटफॉर्म’ चालू करा, क्लीनर ३२-बिट चालतोय की ६४ हे पण कळेल. ते पुढे लागणार आहे.

अनइन्स्टॉल यादीचा इथे काही संबंध नाही. ती ‘अनइन्स्टॉल’ नावाच्या कीखालच्या नोंदींवरून बनते. साफसफाईची यादी ‘डिटेक्ट’ (रजिस्ट्रीची की) आणि ‘डिटेक्टफाईल’ (फाईल किंवा फोल्डरचा पत्ता) अशा ओळी तपासते. त्यात दिलेली खूण सापडली तर प्रोग्रॅम आहे, नाही तर नाही. तुमचा ब्राउझरही त्यामुळेच उरलाय. अनइन्स्टॉलर बरेचदा प्रोफाईलचं फोल्डर किंवा रिकामी की मागे ठेवतो, आणि क्लीनरला तेवढी खूण पुरते. ते फोल्डर उडवण्याआधी बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड दुसरीकडे काढून घ्या, सगळं त्याच फोल्डरात असतं.

केळीपट्टा (सावदा):
बरोबर, युझर नेममध्ये ॲडमिनचं खातं आहे. प्लॅटफॉर्म ६४-बिट. म्हणून ‘डिटेक्ट’ काढून ‘डिटेक्टफाईल’मध्ये डी ड्राइव्हवरच्या हिशोब फोल्डरातल्या ईएक्सईचा पत्ता दिला, तो तर सगळ्या खात्यांना सारखाच. तरी नोंद नाही. नोटपॅडने सेव्ह करताना काहीतरी इशारा दिला होता, मी ओके केलं.

अमळनेर टेक:
तो इशाराच महत्त्वाचा होता. फाईल एएनएसआय या जुन्या अक्षर-पद्धतीत सेव्ह झाली की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात. फाईल पुन्हा उघडून बघा, ‘हिशोब’ गेलेलं असेल. देवनागरी जपणारी यूटीएफ-८ पद्धत निवडूनही बघता येईल, पण प्रत्येक क्लीनर ती नीट वाचेल याचा भरवसा धरू नका. प्रोग्रॅमच्या फोल्डरचं नाव आता बदलू नका, शॉर्टकट आणि अपडेट दोन्ही तुटतील.

त्यापेक्षा अशी खूण घ्या जी खात्यावरही अवलंबून नाही आणि पत्त्यावरही नाही. प्रोग्रॅम ॲडमिनच्या पासवर्डने सगळ्यांसाठी इन्स्टॉल झाला असेल तर त्याची अनइन्स्टॉल नोंद एचकेएलएममध्ये (सगळ्या खात्यांची सामाईक रजिस्ट्री) असते. तीच ‘डिटेक्ट’ला द्या. फक्त जागा चुकवू नका. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅमची एचकेएलएम-सॉफ्टवेअरमधली नोंद ‘वाव६४३२नोड’ या उपशाखेत जाते. तुमचा क्लीनर ६४-बिट आहे, त्याला साध्या सॉफ्टवेअर शाखेत ती दिसणार नाही. म्हणून पूर्ण पत्ता असा: एचकेएलएम, सॉफ्टवेअर, वाव६४३२नोड, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल, आणि शेवटी प्रोग्रॅमची की. ही शेवटची की कधी नावाची असते, कधी महिरपी कंसातला लांबलचक क्रमांक. आतलं ‘डिस्प्लेनेम’ बघून ओळखा आणि ‘कॉपी की नेम’ने उचला, हाताने टाइप करू नका.

दुसरी शक्यता ठेवायची असेल तर ‘डिटेक्ट१’, ‘डिटेक्ट२’ असे क्रमांक द्या. त्यांपैकी एक जरी जुळली तरी नोंद दिसते.

भुसावळ जंक्शन:
अमळनेरकरांच्या उपायाने नोंद दिसेल, पण लॉग तरीही जाणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. ‘फाईलकी’मध्ये टक्क्यांच्या खुणांत लोकल ॲपडेटा लिहिलं असेल तर तेही ॲडमिनचंच फोल्डर ठरतं. तिथे रोजच्या खात्याचा पूर्ण पत्ता लिहा: सी ड्राइव्ह, युझर्स, खात्याचं फोल्डर, ॲपडेटा, लोकल, प्रोग्रॅमचं फोल्डर. त्यापुढे उभी रेघ आणि फक्त तारांकन-डॉट-लॉग.

तारांकन-डॉट-तारांकन (म्हणजे सगळ्या फाईली) लिहू नका, आणि ‘रिकर्स’ तर अजिबात लावू नका. त्याने आतल्या सगळ्या उपफोल्डरांतल्या जुळणाऱ्या फाईलीही जातात. पावत्यांचा डेटा किंवा सेटिंग त्यात कुठे असेल तर शेतकऱ्यांचा हंगामभराचा हिशेब एका क्लिकमध्ये जाईल. आधी हिशोब फोल्डर आणि हे लॉगचं फोल्डर दोन्हींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मग ‘ॲनालाइज’ करून नावं एकेक वाचा, आणि नंतरच ‘रन’.

केळीपट्टा (सावदा):
नोंद आली! ॲनालाइजमध्ये ४१ फाईली, सगळ्या डॉट लॉग. रन केल्यावर ४० गेल्या, आजच्या तारखेची राहिली. परत चालवलं तरी तीच उरते.

अमळनेर टेक:
प्रोग्रॅम उघडा आहे, त्याने आजची फाईल धरून ठेवली आहे. संध्याकाळी काटा बंद झाल्यावर प्रोग्रॅम बंद करून चालवा. तरी राहिली तर टास्क मॅनेजरमध्ये त्याची प्रोसेस मागे चालू आहे का ते बघा.