‘प्रिझम्प्शन’ला मराठीत काय लिहाल?

अनुवादवाली: चेक न वटल्याच्या खटल्याचा निकाल मराठीत करतेय. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१, कलम १३९. चेक ज्याच्या हाती, त्याला तो देणं फेडण्यासाठीच मिळाला असं कोर्टानं धरायचं. तसं नाही हे आरोपीनं दाखवायचं. या ‘प्रिझम्प्शन’ला मी ‘गृहीतक’ लिहिलं. वकीलसाहेबांनी खोडून ‘अनुमान’ केलं.

तालुका कोर्टवाला: आम्ही तोंडानं ‘प्रिझम्प्शन’च म्हणतो. लिहिताना ‘गृहीत धरण्यात येते’. १८७२च्या पुरावा कायद्यातही (तो २०२४ला गेला) कलम ४ मध्ये कुठे ‘धरू शकेल’, कुठे ‘धरील’च होतं. क्रियापदावर भागवा.

अनुवादवाली: भागत नाही हो. पुढचंच वाक्य ‘द प्रिझम्प्शन इज रिबटेबल’, म्हणजे ते पुराव्यानं खोडता येतं. नाम लागतंच.

निवृत्त मास्तर: ‘अनुमान’ साफ चूक. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग, हे अनुमान. इथे धुराआधीच आग मानायची आहे. न्यायदर्शनाच्या न्यायसूत्रांत ‘अभ्युपगम’ आहे, म्हणजे तपासण्याआधीच मान्य करणे; तो घ्या.

तालुका कोर्टवाला: मास्तर, चेकवरची सही हाच की धूर! ती कबूल झाली की मग पुढचं. आणि ‘अभ्युपगम’ वाचून साहेब आधी मलाच अर्थ विचारतील.

बे एरियाकर: ‘गृहीतक’ म्हटलं की मला नववीची भूमितीच आठवते. युक्लिडची पाच. ती कोण खोडणार?

कोपरखळी: पाचवं बाजूला ठेवूनच रशियन गणिती लोबाचेव्हस्कीनं वेगळी भूमिती उभारली, साहेब.

बे एरियाकर: मान्य! पण ‘मला गृहीत धरू नकोस’ हे तरी ‘टेक फॉर ग्रँटेड’चं भाषांतर ना? ऐकलं की कानाला टोचतं.

कोपरखळी: टोचू दे. आमची आजी शाळेत गेली नव्हती, तीही ‘मला धरून चालू नका, मी यायची नाही’ असं ठणकावायची. लग्नघरी आचारी ‘किती पानं धरू?’ विचारतो, तो काय इंग्रजीतून आला?

बे एरियाकर: आजी ‘धरून’ म्हणाल्या. ‘गृहीत’ नाही.

निवृत्त मास्तर: ग्रह् म्हणजे धरणेच! ‘गृहीत धरणे’ ही द्विरुक्ती झाली. त्यापेक्षा शाळेतल्या भूमितीतला ‘पक्ष’, म्हणजे आधीच दिलेली गोष्ट, काय वाईट? पक्ष, साध्य, सिद्धता.

तालुका कोर्टवाला: कोर्टात ‘पक्ष’ म्हणून बघा, दोन्हीकडचे पक्षकार उठून उभे राहतील.