मदत हवी आहे: शोध संपला, पण नायिका बदललीच नाही

साहसकादंबरी लिहितेय. पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली मांडलेला नायकाच्या प्रवासाचा आराखडा डोळ्यांसमोर आहे: घर सोडणं, कसोट्या, परतणं. पहिले दोन टप्पे जमले. नायिका बुडालेल्या जहाजाची घंटा शोधायला निघते. चौदाव्या प्रकरणात ती हाती लागते, शेवाळ खरवडल्यावर वडिलांचं नाव दिसतं. हे लिहिताना मलाच भरून आलं होतं.

पण परतीचा प्रवास अगदी कोरडा वाटतोय. तिला हवी होती घंटा. गरज होती वडिलांना माफ करण्याची. ही गरज तिला कधी उमगावी? घंटा सापडण्याआधी उमगली तर शोधातला जीव जातो, नंतर उमगली तर उपदेश वाटतो. तिने घंटा परत समुद्रात सोडावी का? असा शेवट कुणी लिहिला असेल तर कृपया सविस्तर सांगा.