बाबांचा एबीआय (पायातल्या रक्तदाबाची तपासणी) १.४६ आलाय, तरी अंगठ्याची जखम भरत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. माझे बाबा ६८ वर्षांचे. बेस्टमध्ये कंडक्टर होते, सगळी नोकरी उभ्याने केली. मधुमेह १९ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. विडी चार वर्षांपूर्वी सोडली, तंबाखू अजून सुटलेला नाही. आम्ही लालबागला चाळीत राहतो.

गेल्या गणपतीच्या सुमारास त्यांचं चालणं कमी झालं. करी रोडला उतरून भारतमातापर्यंत यायचं तर वाटेत दोनदा थांबायचे. डाव्या पोटरीत गोळा येतो म्हणायचे. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की सुटायचा, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा यायचा. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेत नस दबली आहे. एमआरआयमध्ये मणक्याची झीज दिसलीही. मग पट्टा, गोळ्या, शेक, फिजिओथेरपी, यात सहा महिने गेले.

होळीच्या आधी नव्या चपलेचा पट्टा डाव्या अंगठ्याला लागला. तांदळाच्या दाण्याएवढी जखम होती. आज सात आठवडे झाले, ती रुपयाएवढी झाली आहे आणि कडा काळपट दिसतात. रात्री बाबा खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसून राहायचे. आम्हाला वाटायचं, उकडतंय म्हणून झोप येत नाही. पाय लोंबता ठेवला की ठणका कमी होतो, हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं. आधी का नाही विचारलं, याची रुखरुख आहे.

शेवटी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी मोजे काढायला लावले. आठ महिन्यांत तीन ठिकाणी दाखवलं होतं, तिथे कुणीच मोजे काढायला सांगितलं नव्हतं. त्यांनी पावलावर दोन बोटं ठेवली, थांबल्या, जागा बदलली, मग घोट्याच्या आतल्या बाजूला चाचपलं. माझी बोटं आधी माझ्याच पावलावर ठेवली, "इथे लागतंय ना?" आणि मग बाबांच्या. काहीच लागत नव्हतं. बाबांना झोपवून पाय वर धरला तर तळवा पांढराफटक पडला, खाली सोडल्यावर हळूहळू लालजांभळा झाला. त्या म्हणाल्या, कमरेचं राहू दे, पायाला रक्त पोचत नाहीये.

त्यानंतरच्या तपासण्या: डाव्या पायाचा एबीआय १.४६. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) मांडीतली मुख्य धमनी काही अंतर बंद, गुडघ्याखालच्या वाहिन्यांत कॅल्शियम आणि मोनोफेसिक फ्लो, म्हणजे मंदावलेला प्रवाह. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.८, म्हणजे वाढलेलं. एबीआय काढणाऱ्या मुलाने सांगितलं, नॉर्मल एकच्या आसपास असतो, तुमचा त्याहूनही चांगला आहे. मग डॉपलर खोटा का? दुसऱ्या एका सर्जनने जखम बघून अंगठा लगेच काढायला सांगितलं आहे. सीटी अँजिओबद्दल (डाय म्हणजे रंगद्रव्य टोचून धमन्यांचा स्कॅन) विचारलं तर म्हणाले, या क्रिएटिनिनवर डाय दिला तर किडनी जाईल.

सही करायला उद्या-परवा बोलावलंय. कोणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा, आधी काय करू? मुंबईत कुठे दाखवू? खर्चाचंही टेन्शन आहे. तोवर मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवतोय.

केशरी_बोंडं:
ताई, पहिली गोष्ट, गरम पाणी आत्ताच बंद करा. मी पंधरा वर्षं सर्जरी वॉर्डला सिस्टर आहे. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही आणि रक्त कमी असलेल्या पायाचा फोड भरत नाही. शेकाची पिशवीही नको. जखम सलाइनने धुवा, कोरडं ड्रेसिंग सैल बांधा, दोन बोटांच्या मध्ये गॉज ठेवा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट लावा, म्हणजे पाय हृदयापेक्षा खाली राहतील आणि त्यांना आडवं झोपता येईल. रात्रभर बसून पाय सोडला की सूज चढते.

चौथी_सीट:
माझ्या आईलाही पायात ठणका होता. तिला घट्ट इलॅस्टिकचे मोजे दिले होते, खूप फरक पडला. बाबांना घालून बघा.

केशरी_बोंडं:
दादा, तुमच्या आईला व्हेरिकोज व्हेन्स असणार. ते शिरांचं दुखणं, रक्त परत वर जात नाही. इथे धमनी बंद आहे, रक्त खालीच येत नाही. घट्ट मोजे किंवा क्रेप बँडेज लावलं तर उरलंसुरलं रक्तही अडेल. ताई, हे अजिबात करू नका.

शेवटची_लोकल:
मी व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीत शिकतोय. पेशंट न बघता उपचार सांगणार नाही, पण तुमच्या आकड्यांचा अर्थ सांगतो.

डॉपलर खोटा नाही, इथे फसवा आहे तो एबीआय. घोट्याचा वरचा दाब भागिले दंडाचा वरचा दाब, एवढंच ते गणित. ०.९ किंवा कमी आला तर धमनी चोंदली आहे. पण १.४ च्या वर गेला तर त्याला चांगला म्हणत नाहीत. जुन्या मधुमेहात गुडघ्याखालच्या वाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाहीत, म्हणून आकडा फुगतो. पायाच्या बोटांतल्या बारीक वाहिन्या बहुधा यातून सुटतात. म्हणून टो प्रेशर, म्हणजे पायाच्या बोटातला रक्तदाब, मागा. अंगठ्याला जखम आहे तर शेजारच्या बोटावर घेतात. ६० च्या वर असेल तर जखम भरायला बहुधा रक्त पुरतं, ३० च्या खाली असेल तर एक दिवसही घालवू नये.

कमरेतली नस आणि धमनी यातला फरक तुमच्या वर्णनातच होता. नस दबलेला माणूस बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर मोकळा होतो. धमनी चोंदलेला नुसता उभा राहिला तरी दोन मिनिटांत मोकळा होतो.

अंगठ्याबद्दल: पू चढत असेल, ताप असेल, पाय लाल होऊन सुजत असेल तर इन्फेक्शन काढायला थांबता येत नाही. तसं नसेल तर आधी रक्त आणायचं, मग कापायचं. रक्ताशिवाय अंगठा काढला तर ती नवी जखमही भरत नाही आणि मग कापणं वर सरकत जातं. सही करण्याआधी एवढंच विचारा: "रक्तपुरवठा सुधारता येईल का, हे कुणी बघितलंय?"

क्रिएटिनिन १.८ म्हणजे अँजिओग्राफीचा रस्ता बंद झाला असं नाही. आधी सलाइन देतात, मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवायची का ते ठरवतात, डाय मोजून वापरतात. नीट केलेल्या डॉपलरवरून थेट अँजिओग्राफीला घेऊन त्याच बैठकीत चोंदलेली धमनी आतून उघडणारा फुगा घालता येतो. काही ठिकाणी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात. फुग्याने जमलं नाही तर पायातलीच शीर वापरून बायपास.

फुग्याची सुरुवात पायातच झाली, हृदयात नंतर. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला ८२ वर्षांच्या एका बाईंचा पाय कापायचा ठरला होता. त्यांनी नकार दिला. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने मांडीतली धमनी नळीने उघडली आणि त्या पुढे स्वतःच्या पायांवर चालल्या.

सिलोस्टाझोल (चालताना पोटरीत येणाऱ्या गोळ्यासाठीचं औषध) लिहून दिली तर हृदय कमकुवत नाही ना, हे आधी विचारा. हार्ट फेल्युअरमध्ये ती चालत नाही. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी. सहा तासांच्या आत.

केशरी_बोंडं:
केईएम तुमच्या घरापासून जवळ आहे, तिथे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीही (नळीने आतून वाहिन्या उघडणारा विभाग) आहे. व्हॅस्क्युलरवाले कोणत्या वारी बघतात ते आधी खिडकीवर विचारून या, म्हणजे बाबांची फेरी वाया जाणार नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, त्यांची प्रोसिजर त्यात बसते का ते तेच तपासून देतील. आणि तंबाखू. फुगा घातला तरी तंबाखू चालू राहिला तर वाहिनी पुन्हा चोंदते, हे मी वॉर्डमध्ये फार वेळा बघितलंय.

धागाकर्ती:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सही केली नाही. तो प्रश्न जसाच्या तसा विचारला, त्यावर सर्जनही म्हणाले, व्हॅस्क्युलरचं मत घेऊन या. टो प्रेशर दुसऱ्या बोटावर घेतला, ३४ आला. नव्या डॉक्टरांनी पू नाही, ताप नाही बघून अंगठ्याचं नंतर ठरवू म्हटलंय. मेटफॉर्मिन तात्पुरती बंद केली आहे, बुधवारी ॲडमिट करून सलाइन आणि गुरुवारी अँजिओग्राफी. योजनेचे कागद दिलेत, मंजुरी यायची आहे.

खाटेखाली विटा लावल्या. काल रात्री बाबा साडेतीन तास सलग झोपले. गुरुवारी काय होतं ते इथेच लिहीन.